अपंग पात्राला खुशाल बदमाश होऊ द्या

'अंधाधुन' आवडला नाही असं म्हणणारा माणूस मला सोलापुरात अजून भेटायचाय. 2018 ला आला तेव्हा हिंदीत बघितला सगळ्यांनी, मग 2021 ला नितीनचा तेलुगू 'माएस्ट्रो' आला तो आमच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात मोबाईलवर परत बघितला गेला, त्याच वर्षी मल्याळममध्ये 'भ्रमम' झाला आणि 2024 ला तमिळमध्ये 'अंधगन'. चार भाषांत एकच गोष्ट. आंधळं असल्याचं सोंग घेतलेला पियानोवाला पोरगा एका फ्लॅटवर जातो, समोर मुडदा पडलेला दिसतो आणि आपल्याला दिसतंय हे दाखवायची सोय नाही, म्हणून तो पियानो वाजवत राहतो आणि मागे मुडद्याची आवराआवर चालू. श्रीराम राघवननी तो सीन असा रचलाय की हसू आणि घाम बरोबरच फुटतात. तो सीन मी कधीही बघायला बसू शकतो, मधूनसुद्धा.

तरी या जातीच्या सगळ्याच पिक्चरबद्दल मला एक बोलायचंय आणि ते बरेच दिवस मनात आहे. खून, लफडी, पैशाची बॅग, भलत्यालाच लागलेली गोळी, आणि हे सगळं बघून आपण हसतोय, असल्या डार्क कॉमेडीत धड माणूस कोणीच नसतो. पोलिसवालाच खुनात सामील असतो, डॉक्टर किडन्या विकायला निघतो, गोड बोलणारी बाई विष घालते, आणि ज्याला आपण हिरो समजतो तोही पैसे दिसले की घसरतो. मला वाटतं अपंग पात्राला खऱ्या अर्थाने बरोबरीची जागा मिळेल असा सिनेमातला हाच एक प्रकार आहे, कारण बाकी पिक्चरमध्ये अपंग माणसाला एकतर देव्हाऱ्यात बसवतात नाहीतर देवळाबाहेर बसवतात, इथे तो सगळ्यांबरोबर पंगतीला बसू शकतो. लोभी असू शकतो, खोटारडा असू शकतो, दुसऱ्याची बॅग पळवू शकतो. पण होतं काय, की नेमकं इथेच त्याचं अपंगत्व खोटं निघतं. किंवा मग तो दोन मिनिटं हशा मिळवून देऊन गायब होतो.

खोटं निघणारं अपंगत्व हे तर या प्रकारातलं जुनं हत्यार आहे. 1995 च्या 'द युज्युअल सस्पेक्ट्स' मध्ये अख्खा पिक्चरभर लंगडणारा, एक हात आखडलेला माणूस पोलिसांसमोर बसून गोष्ट सांगत असतो आणि शेवटी रस्त्याने चालता चालता त्याचा पाय सरळ होतो, हातही सरळ होतो, आणि आपण थिएटरमध्ये च्यायला म्हणतो. त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं. 'अंधाधुन' मध्ये पण तो पियानोवाला आकाश सोंग घेतो, मग त्याला खरंच आंधळं केलं जातं, आणि शेवटी रस्त्यावरचा कॅन काठीने बरोबर उडवतो, की झाला परत संशय सुरू. लेखक म्हणून मला याचं आकर्षण कळतं. प्रेक्षक अपंग माणसावर संशय घेत नाही, त्याला थोडी दया येते, थोडी लाज वाटते, तेवढ्या फटीतून लेखक आपल्याला गंडवून जातो. हुशारी आहेच ती. पण हे सगळं बघून झाल्यावर एक विचारा की ज्याला पहिल्यापासून दिसत नाही असं एक तरी महत्त्वाचं पात्र त्या 'अंधाधुन' मध्ये आहे का. इतका सगळा खेळ आंधळेपणावर, आणि खऱ्या आंधळ्या माणसाला त्यात रोल नाही.

काही लोक म्हणतील की एवढं काय त्यात, पिक्चर पिक्चर असतो. असेल, पण सोंगाचा संशय पिक्चर संपल्यावर थिएटरातच राहत नाही हो.

माझा एक मित्र आहे, अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहितो. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर. कॅलिपर जवळून बघितला नसेल तर सांगतो, मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही बाजूंनी पट्ट्या, मध्ये चामड्याचे पट्टे, आणि गुडघ्याशी एक खटका. उभं राहायचं असेल तर पाय हाताने सरळ करून तो खटका खाली सारायचा, बसायचं असेल तर वर ओढायचा. रोज सकाळी हे सगळं बांधायला वेळ लागतो, उन्हाळ्यात पट्ट्याखाली कातडी सोलते, आणि सोलापूरचा उन्हाळा काय असतो हे सोलापूरकरांना सांगायला नको. अपंगत्वाच्या ऑनलाईन कार्डासाठी त्याला परत तपासणीला बोलावलं होतं, मी बरोबर गेलो होतो. तिथला माणूस त्याला म्हणाला, पट्टा काढा आणि चालून दाखवा. हा म्हणाला, साहेब, काढल्यावर चालताच येत नाही, म्हणून तर तो घालतो. तर म्हणे सगळे असंच म्हणतात. मग याने बाकड्यावर बसून एक एक पट्टा सोडला, बूट काढला, भिंतीला धरून उभा राहिला, मांडीवर हात दाबून दोन पावलं टाकली आणि भिंतीलाच टेकला. बाहेरच्या रांगेतले लोक दारातून बघत होते. घरी येताना तो फक्त एवढंच म्हणाला, "माझा पाय बघितला की लोकांना आधी पिक्चर आठवतो बे."

बनावट सर्टिफिकेटवाले आहेतच, कोण नाही म्हणतंय, 2024 ला महाराष्ट्रात असल्या आरोपांनी किती गदारोळ झाला ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. त्यांना पकडाच. पण त्याची किंमत माझा मित्र देतोय. एसटीत 75 टक्के सवलतीचं तिकीट मागताना कार्ड दाखवूनही पायाकडे बघितलं जातं, साईडची चाकं लावलेली गाडी अपंगांसाठीच्या जागेवर लावली की कोणीतरी विचारतंच, खरंच लागते का ही. आणि अशा लोकांच्या डोक्यात हा संशय पेरायला नुसता पिक्चर कारणीभूत नाही हे मलाही कळतं, पण पंचवीस-तीस वर्षं आपण परत परत एकच गोष्ट हसत बघतोय की लंगडणारा उठून चालायला लागला आणि आंधळ्याला दिसत होतं, तर त्याचं काहीच होत नसेल असं मी मानू शकत नाही.

आता लगेच दुसऱ्या टोकाला जाणारे लोक असतात, की मग अपंगांवर विनोदच नको, बंदी घाला, केस टाका. मला ते अजिबात मान्य नाही. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आलाय 'आंख मिचौली' नावाच्या हिंदी कॉमेडीबद्दल, त्यातल्या अपंग पात्रांची टिंगल झाली अशी तक्रार होती. निकाल तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाचा. कोर्टाने पिक्चरला हात लावला नाही, पण एक फरक फार नीट सांगितला, की एक विनोद असा असतो ज्याने अपंगत्व जास्त कळतं आणि एक असा असतो ज्याने त्या माणसाला खाली पाडलं जातं, आणि पिक्चर बनवताना अपंगांना विचारात घ्या, त्यांच्याबद्दलचं त्यांच्याशिवाय ठरवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही चारचौघांत मुद्दाम अपमान करण्याला शिक्षा आहे. तेवढं पुरे आहे. त्यापुढे जाऊन कोणी म्हणेल की अपंग पात्र नेहमी सज्जनच दाखवा, तर तो परत देव्हाराच झाला.

मला हवेत तसे पिक्चर जगात आहेत, थोडे आहेत पण आहेत. 2016 चा हंगेरीचा 'किल्स ऑन व्हील्स' सापडला तर नक्की बघा, अतिला तिल नावाच्या डायरेक्टरचा. व्हीलचेअरवरचा एक सुपारीबाज आणि त्याच्या नादी लागलेली दोन अपंग पोरं. त्या दोन पोरांचे रोल करणारे खरोखरच अपंग आहेत. आणि पोरं काही गरीब बिचारी नाहीत, त्यांना पैसा हवाय, पोरी हव्यात, कॉमिक्स काढून नाव कमवायचंय, बापावर राग आहे. गोळीबार चालू असताना व्हीलचेअर कुठे अडते, पायरी कुठे येते, हे सगळं त्यात आहे, आणि आपण हसतो ते परिस्थितीवर हसतो. त्या खुर्चीची कीव करायला डायरेक्टर एकदाही थांबत नाही. हंगेरीने तो पिक्चर ऑस्करला पाठवला होता, म्हणजे त्यांना त्याची लाज वाटली नाही.

'इन ब्रूज' (2008) बद्दल माझं मत जरा अर्धं-अर्धं आहे. त्यात जिमी नावाचा बुटका नट आहे, जॉर्डन प्रेंटिसने केलाय, तो स्वतः तेवढ्याच उंचीचा. हा जिमी ड्रग्ज घेऊन वंशद्वेषाचं काय वाट्टेल ते बरळतो, म्हणजे बाकीच्यांइतकाच नालायक, आणि लोक आपल्याकडे टकामका बघतात याचा त्याला मनस्वी कंटाळा आलाय. इथपर्यंत मला फार आवडतं. पण शेवटी (बघितला नसेल तर पुढची दोन वाक्यं सोडा) त्याच्या उंचीमुळे त्याला शाळकरी पोरगा समजलं जातं आणि त्यावर सगळा शेवट उभा राहतो. एवढं जिवंत माणूस उभं केलं आणि शेवटी त्याचं माप तेवढं वापरलं, हे मला खटकतं, बाकी कितीही हुशारीचं असलं तरी.

आपल्याकडे विशाल भारद्वाजचा 'कमीने' (2009) मला याबाबतीत बराच सरळ वाटतो. जुळे भाऊ, एक 'स' ला 'फ' म्हणतो, दुसरा बोलताना अडकतो, आणि दोघंही तोंड उघडल्यावर आपण हसतो, पण लवकरच लक्षात येतं की हे दोघं काही त्यांच्या बोलण्यासाठी पिक्चरमध्ये नाहीत, त्यांना आपापल्या भानगडी आहेत, प्रेम आहे, पैसा आहे, भाऊबंदकी आहे. तमिळमधला 2015 चा 'नानुम रावडी धान' पण तसाच, नयनताराला त्यात ऐकू येत नाही आणि बापाच्या खुनाचा बदला तिला घ्यायचाय, पिक्चर हलकाफुलका पण तिचा राग खरा. 'बर्फी' मध्येही मूकबधिर हिरो बापाच्या ऑपरेशनसाठी किडनॅपिंग करायला निघतो, ही केवढी मोठी गोष्ट होती, पण तिथे डायरेक्टरला तो इतका गोड करायचा होता की गुन्ह्याचं पाणी पाणी झालं. आणि या तिन्हींत अपंगत्व नसलेल्या स्टारनीच रोल केलेत, हे पण लिहून ठेवायला पाहिजे.

मराठीचं बघा. आपल्याकडे अपंग पात्र आलं की रुमाल बाहेर. 'चौकट राजा' (1991) मधला दिलीप प्रभावळकरांचा नंदू कोण विसरेल, मी पण रडलोय, अजून रडतो. 'नातीगोती' नाटक घ्या. चांगली कामं आहेत ती, त्यांनी घराघरातल्या दडवून ठेवलेल्या पोरांबद्दल बोलायला लावलं. पण त्यानंतर तिथेच थांबून चालत नाही ना. अपंग माणूस म्हणजे त्याच्या आईवडिलांचं दुःख, एवढंच दाखवत राहिलो तर त्या माणसाला स्वतःचं काही म्हणणं आहे, स्वतःची काही हाव आहे, हे दाखवणार कधी?

आणि ते दाखवता येतं याचा पुरावा आपल्या जिल्ह्यातूनच आलाय. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 2016 ला 'सैराट' मध्ये परश्याचा दोस्त म्हणून तानाजी गालगुंडेला घेतलं. पोरगा आपल्याच जिल्ह्यातला, पायात खरोखर व्यंग, पिक्चरमध्ये नावही लंगड्याच. आपल्या गल्लीत अशी नावं पडतातच, त्यात नवल नाही. नवल हे की अख्ख्या महाराष्ट्राने त्या पोराला बघून टाळ्या वाजवल्या आणि कोणाला त्याची दया आली नाही, कारण तो दोस्तांबरोबर टिवल्याबावल्या करतोय, परश्याच्या लफड्यात जिवावर उदार होऊन उभा राहतोय, आणि त्याचं टायमिंग भल्याभल्यांना जमणार नाही असं आहे. चेष्टा करणारेही त्याचे दोस्त आणि उलटी फेकणाराही तो. माझा तो कॅलिपरवाला मित्र, जो एरवी पिक्चरबद्दल फार बोलत नाही, 'सैराट' बघून आल्यावर आठवडाभर त्याचेच सीन करून दाखवत होता. दुसऱ्या कुठल्या नटाचे सीन करताना मी त्याला बघितलं नव्हतं.

म्हणून कास्टिंगच्या बाबतीत मी ठाम आहे. नटाचं कामच दुसऱ्याचं सोंग घेणं, हे म्हणणं मला मान्य आहे, डोळस नटाने आंधळ्याचा रोल कधीच करू नये असं मी म्हणणार नाही. पण उलट दिशेने दार उघडं आहे का? आंधळ्या नटाला वकिलाचा, सावकाराचा, खुन्याचा रोल कोण देतंय? गौरी गाडगीळने 'यलो' (2014) मध्ये स्वतःचंच आयुष्य पडद्यावर उभं केलं, डाऊन सिंड्रोम असलेली पोरगी, खरी स्विमर, त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कारात दाद मिळाली. छान झालं. पुढचा रोल तिला असा मिळायला पाहिजे होता ज्यात तिच्या सिंड्रोमचा विषयच नाही.

गोष्टी तर इथे ढीगभर पडल्यात. आमच्या शेजारचे काका उभी हयात यंत्रमागावर होते, मागाच्या खडखडाटात कान गेले. मागावरच्या लोकांना आवाजात बोलताच येत नाही, ओठ आणि हात यावरच सगळं चालतं, त्यामुळे काका समोरच्याचे ओठ फार पक्के वाचतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात कन्नडसुद्धा थोडंफार. आता त्यांना टीव्हीवर हिंदीत डब केलेला तेलुगू पिक्चर लावून द्या. बाकी सगळे हिंदी ऐकत असतात आणि काका पडद्यावरचे तेलुगू ओठ वाचत असतात, आणि मधेच सांगतात की हा असं म्हणालाच नाही, तो तर वेगळंच म्हणाला. म्हणजे डबिंगवाल्यांनी काय बदललं ते त्या घरात फक्त ऐकू न येणाऱ्या माणसाला कळतं. विडीच्या कारखान्याचा हिशोब, सुताच्या गाठींची चोरी, भिशीचे पैसे घेऊन पळालेला माणूस आणि चौकात पानटपरीच्या पलीकडून दोघांचं बोलणं वाचणारा असला एक म्हातारा, ज्याला स्वतःलाही त्या भिशीतला हिस्सा हवाय. तो हिस्सा त्याला हवा असला पाहिजे. नुसता पोलिसांना मदत करणारा भला म्हातारा केलात तर परत तेच.

प्रेक्षकांचं पण बोललं पाहिजे. 'अंधाधुन' चा तो पियानोचा सीन ज्याला दिसत नाही त्या माणसाने ऐकला तर त्याला काय मिळतं? पियानो आणि गोड गप्पा. म्हणजे खून लपवणाऱ्या बाईला त्या आंधळ्या पोराला जेवढं कळू द्यायचंय, बरोबर तेवढंच. पिक्चरमधला सगळ्यात भारी सीन, आंधळेपणावरचा, आणि आंधळ्या प्रेक्षकाला तो कळणारच नाही, शेजारी बसून कोणी सांगितल्याशिवाय. ते सांगण्याचीच सोय म्हणजे ऑडिओ डिस्क्रिप्शन, पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगणारा वेगळा आवाज. 'पठाण' च्या वेळी जानेवारी 2023 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ओटीटीसाठी ते करायला लावलं, मार्च 2024 मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने थिएटरसाठीही नियमावली काढली. डार्क कॉमेडीला तर याची सगळ्यात जास्त गरज, कारण तिथे अर्धा विनोद न बोलता घडतो. आणि थिएटरचे जिने? माझ्या मित्राला एका थिएटरात बाल्कनीचं तिकीट दिलं आणि वर जायला नुसता जिना, दोन पोरांनी धरून नेलं, इंटरव्हलला खाली यायचं नको म्हणून तो पाणीही प्यायला नाही. देशात 2011 च्या जनगणनेतच 2 कोटी 68 लाख अपंग मोजलेत. एवढी माणसं तिकीट काढायला तयार असताना त्यांना दारातच अडवणारा धंदा कसला हे मला कळत नाही.

आता ओटीटीमुळे मराठीतही क्राईम, थोडं काळं, थोडं विनोदी असं लिहिणारी पोरं तयार होतायत, सोलापूरकडची पण आहेत, हुतात्मा स्मृती मंदिरात एकांकिका करून पुढे गेलेली. माझं त्यांना सांगणं एवढंच की पुढची स्क्रिप्ट लिहाल तेव्हा त्या टोळीत एकाला कॅलिपर द्या आणि तो शेवटपर्यंत खरा ठेवा. पळून जाताना तो मागे पडेल, बाकीचे त्याच्यावर चिडतील, तो त्यांना शिव्या घालेल, गाडीची किल्ली त्याच्याकडे असेल म्हणून त्यांना थांबावं लागेल, आणि सगळ्यांत जास्त वाटा तोच मागेल. लिहून झालं की ऑडिशनची जाहिरात द्या, जागा तळमजल्यावर घ्या आणि पोलिओवाल्यांना, व्हीलचेअरवाल्यांना, काठीवाल्यांना बोलवा. माझ्या मित्राला मी घेऊन येतो, त्याला हिशोबात गफलत करणारा दिवाणजी करायचाय, हे त्याने मला दोनदा सांगितलंय.